आतली कडी

डॉ. अतुल गावंडे यांच्या ‘बीइंग मॉर्टल’ (2014) या पुस्तकात त्यांच्या आजोबांची गोष्ट आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे सीताराम गावंडे. शंभरी उलटली तरी रोज रात्री झोपण्याआधी घोड्यावर बसून शेतं बघून यायचे. घरच्यांना भीती वाटायची, पडले म्हणजे? मग त्यांनी जरा लहान घोडा आणला आणि कुणीतरी सोबत जाऊ लागलं. घोडा बंद केला नाही. पुढे 110 च्या घरात असताना कोर्टाच्या कामासाठी निघालेले आजोबा बसमधून उतरताना पडले आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत गेले.

ही गोष्ट मी आमच्या फॅमिली ग्रुपवर टाकली. मामाचं उत्तर आलं, “बघ, शेवटी पडलेच ना.” मावशीचं आलं, “अरे, 110 वर्षं जगले की!” डेटा एकच, निष्कर्ष दोन.

ग्रुपवर हा विषय निघाला तो आजीमुळे. ती 81 वर्षांची आहे आणि सांगलीत एकटी राहते. मामा बंगळुरूत, मावशी टोरंटोत, आम्ही पुण्यात. तिन्ही घरांत तिच्यासाठी खोली आहे आणि तिन्हीकडे तिला आठ दिवसांच्या वर करमत नाही. सध्याचा वाद बाथरूमच्या कडीचा आहे. आत पडली आणि कडी लावलेली असली तर दार तोडावं लागेल, म्हणून तिने कडी न लावता आंघोळ करावी, असं सगळ्यांचं म्हणणं. “एकटीच तर असतेस, कडी कशाला?” असं मामाने विचारलं, तेव्हा ती म्हणाली, “एकटी कुठे? कामवाल्या बाईंना आणि शेजारच्यांना किल्ल्या तुम्हीच दिल्यात ना?”

मला हा युक्तिवाद बिनतोड वाटतो. सुरक्षिततेसाठी आपण घराचं मोठं दार चौघांना उघडं केलं, आणि आता तिच्या हातात उरलेलं शेवटचं दारही मागतोय. गेल्या वर्षी मामाने हॉलमध्ये कॅमेरा बसवला, तेव्हा तिने वाद घातला नाही. त्याच्यासमोर कालनिर्णय टांगलं. मामाला ॲपवर महिनाभर कॅलेंडरची पाठ दिसत होती.

घरातला ‘कॉम्प्युटरवाला’ मी, त्यामुळे पुढचं काम माझ्याकडे आलं: सेन्सर, घड्याळ, जे काय असेल ते सुचव. सर्व्हरवर नजर ठेवणं हा माझ्या नोकरीचाच भाग आहे. अलर्ट लावताना थ्रेशोल्ड ठरवावा लागतो. तो कडक ठेवला तर रात्रभर खोट्या घंटा वाजतात, सैल ठेवला तर खरा बिघाड निसटतो. दोन्ही चुका एकाच वेळी शून्यावर आणता येत नाहीत. कोणती चूक कोणाला महाग पडेल ते बघून आकडा निवडायचा. खोट्या अलर्टने सर्व्हरचं काही बिघडत नाही, झोप माझी मोडते. आजीच्या बाबतीत उलटं आहे. दुपारी तिला जरा जास्त डोळा लागला की तीन शहरांतून फोन, दारात शेजारचे काका, आणि उठल्याउठल्या तिने सगळ्यांना खुलासा द्यायचा. आकडा मात्र निवडणार मामा, ज्याला भीती फक्त निसटलेल्या अलर्टची. मग आकडा कायम एकाच बाजूला झुकणार. ‘सेफ्टी’ म्हणताना आपण दोन गोष्टी एकत्र मोजतो: आजीचं हाड शाबूत राहणं आणि आपल्याला शांत झोप लागणं. दुसरी गोष्ट क्षुल्लक नाही, मामा खरंच रात्री जागा असतो. पण ती आजीच्या खात्यात टाकू नये.

यंत्रंही सगळी सारखी नसतात. ॲपल वॉच 2018 च्या सिरीज 4 पासून माणूस पडल्याचं ओळखतं, पण थेट बोंब मारत नाही. आधी मनगटावर विचारतं, आणि मिनिटभर काहीच हालचाल नसेल तरच फोन लावतं. जपानमध्ये झोजिरुशी कंपनीने 2001 मध्ये चहाच्या पाण्याचा एक इलेक्ट्रिक पॉट आणला. तो वापरला की दूरच्या नातेवाइकांना कळतं. चित्र नाही, आवाज नाही. चहा झाला, म्हणजे माणूस उठला, एवढंच. सांगलीत दारातली दुधाची पिशवी नऊपर्यंत उचलली गेली नाही की काका बेल वाजवतात, त्याचीच ही आवृत्ती. अमेरिकेत पोर्टलंडला केरेन ब्राउन विल्सन यांनी 1983 मध्ये, एरवी नर्सिंग होममध्ये गेली असती अशा वृद्धांसाठी वेगळी घरं उभारली. प्रत्येक घराच्या दाराला कुलूप होतं आणि ते राहणाऱ्याच्या ताब्यात होतं. दार वाजवून आत येणारी नर्स पाहुणी असते. न वाजवता आली की आपण पेशंट होतो.

जॉन स्टुअर्ट मिलने 1859 च्या ‘ऑन लिबर्टी’मध्ये मांडलं की सज्ञान माणसावर जबरदस्ती करायला ‘त्याच्याच भल्यासाठी’ हे कारण पुरत नाही. दुसऱ्याला इजा होत असेल तरच अडवावं. म्हणजे कडीच्या प्रश्नात मिल आजीच्या बाजूने. पण गॅसच्या? दोन महिन्यांपूर्वी ती दूध ठेवून विसरली, पातेलं जळालं. वरच्या मजल्यावर दोन लहान मुलं राहतात. इथे धोका तिच्या एकटीचा नाही, आणि हे तिनेही मान्य केलं. आता दूध आणि चहा इंडक्शनवर होतो, भाकरी मात्र गॅसवरच, तीही बाई घरात असताना. हा आमचा लहान घोडा. कडीसाठीही एक सापडला आहे: बाहेरून नाण्याने फिरवून उघडता येणारी. आजीची अट एकच, नाण्याचं फक्त काकूंना सांगायचं.

पण उटीच्या घोड्यासोबत रोज रात्री जायला घरात माणूस होता. त्या माणसाला कधी कंटाळा आला असेल का, त्याची स्वतःची काही कामं अडली असतील का, हे मी स्वतःला विचारतो, कारण आमच्यापैकी कोणीच तो माणूस व्हायला तयार नाही. सेन्सरच्या किमती बघताना हे डोक्यात असतं.

आणि खरा अवघड प्रश्न पुढेच आहे. विसरणं वाढलं तर? मिलनेही स्वतःचं बरंवाईट ठरवू न शकणाऱ्यांना आपल्या नियमातून वगळलं होतं. पण आता ठरवता येत नाही, हे कोणी ठरवायचं? म्हातारी माणसं आपलं ऐकतात तेव्हा समंजस असतात आणि ऐकत नाहीत तेव्हा ‘वय झालं’ असतं, हे प्रत्येक घरात चालतं. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात, पुढे आजार झाला तर कोणते उपचार हवेत, कोणते नकोत आणि आपल्या वतीने कोणी निर्णय घ्यावा, हे शहाणपणी लिहून ठेवायची सोय आहे. तो उपचारांपुरता कायदा आहे, गॅस आणि कड्यांचा नाही. पण कल्पना उसनी घेता येते.

म्हणून मी आजीला सरळ विचारलं. तिने चष्मा लावला आणि मला वही काढायला लावली. विसरायला लागले तर गॅस पूर्ण काढा. मला बाहेरून कुलूप लावून जाऊ नका. कॅमेरा लावलात तर तो कुठे आहे ते रोज सांगा, मी रोज विसरले तरी. चौथं कलम होतं, हे सगळं लागू करायची वेळ आली हे कोणी ठरवायचं. त्यावर ती बराच वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “ते नाव नंतर सांगते.” अजून सांगितलेलं नाही. मामाने दोनदा विचारलं, मावशीने एकदा.