पळी कोणाच्या हाती?

नाशिककराच्या तोंडी 'शरणपूर रोड' हे नाव दिवसातून चार वेळा तरी येते. दवाखाना, बँक, मुलांचा क्लास, सगळे त्याच रस्त्याला. मात्र हे शरणपूर नेमके कुठले आणि तिथे कोण कोणाला शरण आले, असा प्रश्न रिक्षात बसल्यावर कुणाला पडत नाही. गोदावरीकाठच्या या तीर्थक्षेत्राबाहेर 1850 च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम सॉल्टर प्राइस यांनी वसवलेली ही ख्रिस्ती वसाहत. बाप्तिस्मा घेतला की माणूस घरातून उठत असे, पाणवठ्यावरून उठत असे, धंद्यातूनही उठत असे. धर्म बदलला म्हणून वारसाहक्क जाणार नाही, असे 1850 च्या कायद्याने सांगितले होते खरे, पण कायदा कोणासाठी विहिरीतून घागर काढून देत नाही. म्हणून घर, शाळा आणि सुतारकाम-लोहारकाम शिकवणारे कारखाने, असा संसारच नव्याने मांडावा लागला. नव्या करारात सहविश्वासूंवर प्रीती करा असे पुन्हा पुन्हा सांगितले आहे. ते सांगणे नाशिकला आले तेव्हा त्याचा पहिला अर्थ छप्पर आणि रोजगार असा निघाला, आणि तो योग्यच होता.

या प्रीतीबद्दल मात्र एक गैरसमज फार जुना आहे. परक्यावर प्रेम करणे कठीण आणि आपल्या माणसांवर करणे सोपे, असे आपण धरून चालतो. ख्रिस्ती मंडळीच्या बाबतीत हे उलटे आहे, असे मला वाटते. (मराठी ख्रिस्ती लोक चर्चला 'मंडळी' म्हणतात. एरवी मराठीत 'आमची मंडळी' म्हणजे बायको, आणि हा योगायोग अगदीच निरर्थक नाही: दोन्हीकडे नाते एकदा जडले की रोज निभवावे लागते.) परका येतो, आपण त्याच्या हातावर काही ठेवतो, तो जातो. देणारा वरच राहतो. सहविश्वासू जात नाही. तो पुढच्या रविवारी त्याच बाकावर येऊन बसतो, त्याच प्याल्यातून पितो, आणि आज ना उद्या विचारतो, हिशेबाची वही माझ्याकडे का नाही? दया करणे आणि भाऊ मानणे यांतला फरक या प्रश्नापाशी उघडा पडतो. शरणपूरने दया भरभरून केली. भाऊपणाच्या परीक्षेत त्याचे काय झाले, हे पाहण्यासारखे आहे.

हिंदी महासागरात गुलाम वाहून नेणारी गलबते ब्रिटिश आरमार पकडत असे. त्यांतून सुटलेली आफ्रिकी मुले मुंबईत उतरवली जात आणि त्यांतली कितीतरी शरणपूरच्या आश्रमशाळेत येत. इंग्रजी इतिहासात ती 'नासिक बॉइज' म्हणून ओळखली जातात. 1866 मध्ये डॉ. लिव्हिंग्स्टन आफ्रिकेत शिरले तेव्हा त्यांच्या तांड्यात ही मुले होती. पुढे त्यांच्या मदतीला आणखी गेली. 1873 मध्ये लिव्हिंग्स्टन वारले, तेव्हा आफ्रिकेतच पुरलेल्या त्यांच्या काळजाशेजारी प्रार्थना वाचली ती नाशिकच्या शाळेत शिकलेल्या जेकब वेनराइटने. पुढच्या एप्रिलमध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत शवपेटीला हात लावणाऱ्यांतही तो होता. या मुलांची नावे जरा जवळून वाचावीत: सायमन प्राइस, कॅरस फॅरर, रिचर्ड रटन. प्राइस तर संस्थापकच. फॅरर हे नाशिकचे आधीचे मिशनरी. रटन म्हणजे औरंगाबादला सेवा केलेले पारशी ख्रिस्ती रतनजी नौरोजी असावेत. ज्यांना स्वतःचे घराणे आठवतही नव्हते त्यांना वसाहतीने आपली नावे दिली. घरात घेतल्याची याहून मोठी खूण कोणती?

नावे दिली, पण वाटा दिला का? जॉर्ज डेव्हिड आणि विल्यम जोन्स हे शरणपुरात वाढलेले दोघे 1864 मध्येच मोंबासाजवळच्या राबाईला पाठवले गेले होते. प्राइस यांनी 1870 च्या दशकात मोंबासाजवळ सुटलेल्या गुलामांसाठी फ्रेरटाऊन उभारले, तेव्हा कामाचा भार नाशिक-मुंबईहून गेलेल्या या 'बाँबे आफ्रिकन' लोकांनी उचलला. शिक्षक ते, दुभाषे ते, कारागीर ते. जोन्स यांना 1885 मध्ये बिशप हॅनिंग्टन यांनी डीकनची दीक्षा दिली. त्याच वर्षी बिशपांबरोबर ते युगांडाच्या वाटेला लागले आणि बिशप मारले गेल्यावर मागे राहिलेला तांडा जोन्स यांनीच परत किनाऱ्याला आणला. अशा माणसांचे गोऱ्या मिशनऱ्यांशी खटके उडाले ते कशावरून? पगारावरून, मानावरून. यांना युरोपियन कपडे कशाला हवेत, हे स्वतःला आमच्या बरोबरीचे समजतात, अशी कुरकुर होत राहिली. गंमत पाहा, इंग्रजी शिकवली ती मिशननेच, आडनाव दिले तेही मिशननेच. मिशनऱ्यांना दुष्ट ठरवण्यासाठी मी हे सांगत नाही. ज्यांनी या मुलांना वाचवले त्यांच्याच बरोबरच्यांना ही मुले मोठी झाल्यावर जड गेली. प्रीती आटली नव्हती. ती दयेच्या पायरीवरच थांबली होती.

पहिल्या शतकातल्या यरुशलेमेतही पंक्तिप्रपंच झाला होता. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात तक्रार नोंदवलेली आहे: रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांना डावलले जाते. आपल्याकडे म्हणतात, वाढणारा ओळखीचा असला की पंगतीत कुठेही बसावे. इथे वाढणारे सगळे दुसऱ्या बाजूच्या ओळखीचे होते. प्रेषितांनी प्रेमावर प्रवचन दिले नाही, विधवांना धीर धरायलाही सांगितले नाही. सात माणसे निवडून वाटप त्यांच्या हवाली केले. त्या सातांची नावे वाचली तर सगळी ग्रीक: स्तेफन, फिलिप, प्रोखर, निकानोर… ज्यांची तक्रार, त्यांच्याच हाती पळी. पुढे करिंथमध्ये प्रभुभोजनालाच काही जण पोटभर जेवून बसत आणि काही उपाशी राहत, तेव्हा पौलाने याला प्रभूचे भोजन म्हणायलाच नकार दिला. सहविश्वासूंवरची प्रीती ही मनाची ऊब नव्हे, कारभाराची रीत आहे, हे त्या पिढीला कळले होते. प्रेमाची आज्ञा देता येते का, हा नेहमीचा आक्षेप इथेच विरतो. उमाळ्याची आज्ञा देता येत नाही. पळी सोडायची देता येते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. आपल्याच धर्माच्या माणसांना आधी जपा, हा नियम शेवटी जातपंचायतीकडेच नेणार नाही का? चांगल्या शोमरोन्याची गोष्ट सांगणाऱ्याच्या अनुयायांनी कुंपण का घालावे? पौल गलतीकरांना सर्वांचे बरे करा म्हणतो आणि मग विश्वासाच्या घराण्याचा विशेष उल्लेख करतो, हे खरे. पण घरात जे शिकले नाही ते अंगणात येत नाही. चौथ्या शतकात रोमचा सम्राट ज्युलियन ख्रिस्ती धर्माचा कट्टर विरोधक होता, आणि आपल्या पुजाऱ्याला लिहिताना त्याची तक्रार अशी, की हे गालीली (म्हणजे ख्रिस्ती) स्वतःच्या गरिबांना पोसतातच, वर आपल्याही गरिबांना पोसतात. विरोधकाची साक्ष म्हणून ती मोलाची. जातपंचायत आपल्यांना जपते ती रक्त पाहून. मंडळीत रक्त वेगवेगळे असते. म्हणून तर तिथली प्रीती शिकावी लागते. नाशिकजवळच्या जलालपुरात जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे'त याची फार प्रामाणिक नोंद केली आहे. पती ख्रिस्ती झाल्यावर त्यांच्याकडे राहायला येऊनही त्यांचे सोवळे लगेच सुटले नाही. जात माणसाने केली, हे मनाशी पटल्यावरच त्या इतरांच्या हातचे खाऊ-पिऊ लागल्या. लक्ष्मीबाईंना जे जमले ते एका स्वयंपाकघरात जमले. मंडळीचे स्वयंपाकघर मोठे आहे.

इथे नाशिक जिल्ह्यातलीच दुसरी घटना आठवल्याशिवाय राहत नाही. काळाराम मंदिराचा सत्याग्रह 1930 मध्ये सुरू झाला आणि 1935 च्या ऑक्टोबरात येवल्यात डॉ. आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. त्यानंतर ख्रिस्ती धर्माकडे त्यांनी बारकाईने पाहिले. धर्मांतरित अस्पृश्यांच्या स्थितीबद्दल त्यांनी पुढे जे लिहिले, त्यात जात चर्चच्या दारात चपलांबरोबर राहत नाही, आत येते, हा मुख्य मुद्दा होता. आणि आपल्यातल्या अस्पृश्यांसाठी ख्रिस्ती समाज लढत नाही, हेही. सहविश्वासूंच्या प्रीतीचा याहून कठोर हिशेब बाहेरच्या माणसाने मांडलेला मला माहीत नाही.

पैशाच्या आमिषाने ख्रिस्ती झाले, हा टोमणा तर कायमचाच, आणि त्याच्या भीतीने मदतीचा हात आखडणारे पाळकही असतात. पण ज्याच्या हाती नुसती वाटी दिली तो आश्रित राहतो. ज्याच्या हाती वही दिली तो कारभारी होतो. आमिष कारभारी घडवत नाही. 2011 च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती जेमतेम 10 लाख 80 हजार, लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही कमी. एवढ्या छोट्या समाजात कोण कोणाच्या हातचे खातो, मुलगी कुठे देतो आणि 'मूळचे कोण?' असे चहाच्या कपाबरोबर किती सहज विचारतो, हे लपून राहत नाही.

अनुसूचित जातींचा दर्जा कोणाला, हे ठरवणाऱ्या 1950 च्या आदेशात आधी मुख्यतः हिंदूच होते; 1956 मध्ये शीख आले, 1990 मध्ये बौद्ध. ख्रिस्ती दलित आजही बाहेर आहेत. 2004 पासून याविरुद्धच्या याचिका सर्वोच्च न्यायालयात आहेत आणि चर्चचे पुढारी त्यांच्या बाजूने उभे आहेत. मागणी न्याय्य आहे. पण ती टिकते कशावर? बाप्तिस्म्यानंतरही जात सुटत नाही, बाक, लग्न आणि स्मशान यांत ती दिसते, या पुराव्यावर. म्हणजे दिल्लीत दाखल होणारे असे प्रत्येक प्रतिज्ञापत्र हा मंडळीचा कबुलीजबाबच असतो. तो मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टरेट कमिटीच्या वार्षिक सभेत वाचून दाखवल्याचे मात्र ऐकिवात नाही.