पूर येण्यापूर्वीची दया

पुरात सापडलेल्या मनुष्यास हात द्यावा, ह्याविषयी कोणाचे दुमत नाही. ज्यास पोहता येत नाही तोही काठावरून दोर फेकतो. परंतु ज्याच्या घरात अद्याप पाणी शिरलेले नाही, जो चैत्राच्या उन्हात अंगणात बसून बाजेस सुंभ विणीत आहे, त्याच्याविषयी आपणांस काही कर्तव्य आहे काय? आणि असल्यास ते दयेच्या खाती मांडावे, की न्यायाच्या? हा प्रश्न वरवर पाहता पंडिती वाटेल. कृष्णा, वारणा व पंचगंगा ह्यांच्या काठी राहणाऱ्या वाचकांस तो तसा वाटणार नाही.

सांगलीस आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांवर गेले म्हणजे इशाऱ्याची पातळी व ४५ फुटांवर गेले म्हणजे धोक्याची पातळी समजतात. सन २००५ साली ते ५३ फुटांच्या वर गेले. सन २०१९ च्या ऑगस्टात ५७ फुटांच्या वर. आणि दोनच वर्षांनी, २०२१ च्या जुलैत, पुनः ५४ फुटांच्या आसपास. सह्याद्रीच्या माथ्यावर कोसळलेले पाणी कऱ्हाडास कोयनेवाटे, हरिपुरास वारणेवाटे व नृसिंहवाडीस पंचगंगेवाटे कृष्णेत येते. खाली नदीचा उतार मंद आणि वळणे पुष्कळ. म्हणून येथील पूर डोंगरी ओढ्याप्रमाणे घटकेत येऊन घटकेत जात नाही. तो चढण्यास दिवस घेतो व उतरण्यासही घेतो. धरणांतून पाणी केव्हा सोडावे, अलमट्टीचा फुगवटा कोठवर पोहोचतो, ह्याविषयी मोठे वाद आहेत. सन २०१९ च्या पुरानंतर सरकारने श्री. नंदकुमार वडनेरे ह्यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यास समितीही नेमिली होती. तो वाद जाणत्यांनी चालवावा. आमचे म्हणणे इतकेच की, जे संकट पायरी पायरीने घाट चढत येते व ज्याची उंची फूटपट्टीवर मोजिली जाते, त्यास ‘अकस्मात’ म्हणण्याचा अधिकार आपणांस उरत नाही.

तरीही आपली दया पाणी ओसरल्यावरच जागी होते. ह्याचे कारण मनुष्यस्वभावात आहे. चिखलात उभे असलेले कुटुंब डोळ्यांस दिसते. त्याच्या हाती धान्याची पिशवी दिली म्हणजे त्याचे डोळे भरून येतात, आणि आपलेही. पूर्वतयारीस असा चेहरा नाही. उन्हाळ्यात कोणी चार रात्री जागून वस्तीतील म्हाताऱ्या माणसांची यादी केली, शाळेच्या माळ्यावर ताडपत्र्या रचून ठेविल्या, तर त्याचे आभार कोण मानणार? जी म्हातारी बुडालीच नाही, ती आपण वाचलो हे जाणतही नाही. शिवाय त्या वर्षी पाऊस बेताचा झाला, तर ‘उगाच पैसा घातला’ म्हणून बोल लागतो तो निराळाच. नंतरच्या दयेत देणाऱ्याचे समाधान मिसळलेले असते. आधीच्या दयेत ते जवळजवळ नसते. म्हणूनच आम्हांस ती अधिक शुद्ध वाटते, आणि म्हणूनच ती विरळा.

आता नावेचा विचार करू. पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ हे गाव कृष्णा व येरळा ह्यांच्या संगमावर वसले आहे. दिनांक ८ ऑगस्ट २०१९ रोजी तेथील लोकांस बाहेर काढीत असता नाव उलटली व १७ जीव गेले. नावेत तिला पेलवतील त्याहून अधिक माणसे होती. ह्यात चढणाऱ्यांस दोष देणे क्रूरपणाचे होईल. पाणी उंबऱ्यास लागलेले, कडेवर मूल, दुसरी नाव केव्हा येईल ह्याचा भरवसा नाही. अशा वेळी ‘आणखी एकास घ्या’ असे कोण म्हणणार नाही? दयेची भाषा हीच आहे. पण नदीस ती भाषा समजत नाही. तिला वजन तेवढे समजते. नावेच्या तोंडाशी उभे राहून ‘आता पुरे’ असे म्हणणारा मनुष्य त्या क्षणी निर्दय दिसतो, आणि तोच आत बसलेल्या सर्वांचे प्राण राखीत असतो. असे म्हणण्याचे बळ त्यास कोठून यावे? आपल्या एकट्याच्या मनातून ते येणार नाही, व येऊही नये. कारण कोणास घ्यावे व कोणास ठेवावे हे एकाच्या मर्जीवर गेले, की तेथे नातीगोती शिरतात. ते बळ सर्व गावाने आधी बसून केलेल्या ठरावातूनच येऊ शकते: नावेत इतकीच माणसे, प्रथम आजारी, गरोदर स्त्रिया, लहान मुले व त्यांच्या आया, धडधाकट पुरुष शेवटी, मग तो सरपंचाचा पुतण्या का असेना, आणि दुसरी फेरी निश्चित होणार, हे वचन. जो निर्णय वैशाखात कोरड्या जमिनीवर बसून करावयाचा, तो आपण श्रावणात भ्यालेल्या लोकांच्या माथी मारितो. अनीती कोठे असेल तर ती ह्या दिरंगाईत आहे.

यादीची गोष्टही अशीच. सन २०१९ साली सरकारने पूरग्रस्त कुटुंबांस खेड्यांत १०,००० व शहरांत १५,००० रुपये सानुग्रह अनुदान जाहीर केले. आता कुटुंब कशास म्हणावे? एका शिधापत्रिकेवर तीन भावांच्या चुली असल्या तर कुटुंब एक की तीन? उसाच्या नुकसानीस सातबारा लागतो. पण त्याच उसात भांगलण करणाऱ्या बाईचा बुडालेला रोज कोणत्या कागदावर लिहिलेला असतो? वीटभट्टीवरील मजूर, भाड्याच्या खोलीत राहणारा, मासेमार, पालात उतरलेला धनगर, ह्यांची नावे घरपट्टीच्या वहीत नसतात. आणि पाणी प्रथम कोठे शिरते, हे तर सर्वांस ठाऊक आहे. गावाची उंच जागा कोणाची व सखल जागा कोणाच्या वाट्यास आली, हे नदीने ठरविले नव्हते.

येथे पुष्कळ सज्जन म्हणतात, “भेद कशास? सर्वांस सारखे वाटा, म्हणजे तंटा नाही.” तंटा नसतो हे बहुधा खरे; न्याय असतो असे मात्र नाही. ज्याचे घर दुमजली, तो धान्याची पोती वरच्या मजल्यावर नेतो. ज्याचे मातीचे, त्याची भिंतच बसते. दोघांच्या हाती सारखी पिशवी देणे ही समता नव्हे, केवळ सोय होय. तथापि निवडून देऊ लागताच कुरबूर सुरू होते, हेही आम्ही जाणतो. तिच्यावर उपाय एकच दिसतो: नियम आधी करावा, नावे मागाहून बसवावी, व यादी चावडीवर सर्वांसमक्ष वाचावी. ती करणाऱ्या पंचांत सखल वस्तीतील माणसे असावीत, आणि त्यांत स्त्रियाही असाव्यात. पाणी येता घरातून काय प्रथम उचलावे लागते, हे पुरुषांच्या सभेस ठाऊक नसते.

जनावरांचा विषय शहरच्या मंडळींस गौण वाटतो. वारंवार सूचना होऊनही लोक घर का सोडीत नाहीत, असा प्रश्न ते करितात. गोठ्यात दोन म्हशी बांधलेल्या असतात, हे त्याचे उत्तर आहे. म्हशीवर सोसायटीचे कर्ज असते व दुधावर घर चालते. तिला दावणीस सोडून नावेत बसावयाचे कसे? योनाच्या पुस्तकाच्या अगदी अखेरीस निनवेतील माणसांबरोबर तेथील गुराढोरांचीही दखल घेतलेली आहे. ज्या योजनेत उंच माळावर जनावरांची छावणी, कडबा व पिण्याचे पाणी नाही, ती योजना माणसांसही वाचवू शकत नाही.

राहता राहिला तो सर्वांत कठीण प्रश्न: नदीकाठ सोडूनच का जाऊ नये? पाटबंधारे खात्याने निळी व लाल अशा पूररेषा ठरविलेल्या आहेत. निळी सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नवे घर बांधू नये, हे उघड आहे. पण जुन्या घरांचे काय? कोल्हापूरजवळील चिखली व आंबेवाडी येथील लोकांस १९८९ च्या महापुरानंतर सोनतळी येथे भूखंड मिळाले. तरी गावे पूर्णपणे तिकडे गेली नाहीत, व २०१९ साली ती पुनः पाण्याखाली गेली. हट्टी लोक, असे म्हणणे सोपे आहे. ज्यांचे शेत, गोठा, विहीर व पूर्वजांची थडगी नदीकाठी आहेत, त्यांस निव्वळ जमिनीचा तुकडा देऊन गाव उठत नाही. मनुष्यास बळाने उठविण्याचा अधिकार समाजास क्वचितच असावा, असे आमचे मत आहे. मात्र राहणाऱ्यानेही आपल्या राहण्याचे ओझे जाणले पाहिजे. त्यास काढावयास जो नावाडी मध्यरात्री जाईल, त्यालाही घरी मुले आहेत.

अशा योजनेस फार पैसा लागतो, हे म्हणणे आम्हांस पटत नाही. सन २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यान्वये जिल्ह्याचा आराखडा असावा लागतो. परंतु जिल्ह्याच्या आराखड्यात आमच्या ओढ्यापलीकडील अकरावे घर दिसणार नाही. ते गावानेच लिहावयास हवे. १ मे रोजीच्या ग्रामसभेत, नळाच्या व रस्त्याच्या गोष्टी झाल्यावर, कोणीतरी उठून इतके तरी विचारावे: पाणी चाळीस फुटांवर गेले की पहिली हाक कोण देणार? ओढ्यापलीकडे ती कोण पोहोचविणार? अंथरुणास खिळलेले किती, व त्यांस उचलणारे चौघे कोण? आणि उंचावरच्या शाळेची किल्ली, जी गुरुजी दर शनिवारी आपल्याबरोबर तालुक्यास नेतात, तिची दुसरी प्रत गावात कोणापाशी राहील?