एका पैचा हिशोब

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



मार्गशीर्ष लागला की तेलगावच्या चौकात दोन आवाज एकदमच ऐकू येतात. एक गुरुचरित्राच्या सप्ताहाचा आणि दुसरा कारखान्याकडं निघालेल्या उसाच्या ट्रॅक्टरांचा. बीड, परळी, माजलगाव, धारूर अशा चारी वाटा इथं मिळतात. गाळप चालू असलं की हा चौक रात्रीसुद्धा झोपत नाही. दत्तजयंतीच्या अंकासाठी काही लिहा, असं मंडळानं सांगितलं, तेव्हा या दोन आवाजांविषयीच लिहावं असं मनात आलं. मी काही शास्त्री-पंडित नाही. ऊस लावतो, जमेल त्या पौर्णिमेला गाणगापूरला जाऊन येतो, अन् सप्ताहात सांगतील तेवढं निरूपण करतो. आजचं निरूपण आहे बारीक गोष्टीच्या अवधानाचं.

भागवताच्या अकराव्या स्कंधात यदु राजा आणि अवधूत यांचा संवाद आहे. हा अवधूत म्हणजे आपले दत्त महाराज, अशी आपली परंपरा मानते. राजा विचारतो, तुमच्याजवळ काही नाही, तरी तुम्ही इतके आनंदात कसे? त्यावर अवधूत आपले चोवीस गुरू सांगतात. त्या यादीत पृथ्वी, वारा, आकाश आहेत, तसे मधमाशी, कोळी, कुंभारमाशीही आहेत. आता बघा, ज्यानं कोळ्याकडं थांबून पाहिलं, त्यालाच कोळी गुरू झाला. आपण तर जाळं दिसलं की झाडू घेतो.

त्या चोवीसांत एक बाण करणारा कारागीर आहे. तो बाण सरळ करत बसला होता. शेजारच्या वाटेनं वाजतगाजत राजाची स्वारी गेली, तरी त्याला तिचा पत्ता नाही. अवधूतांनी त्याच्याकडून एकाग्रता घेतली.

दुसरी एक कुमारी आहे. घरची माणसं बाहेर गेलेली, आणि तिला मागणी घालायला पाहुणे आले. त्यांच्या जेवणासाठी ती आत साळी कांडू लागली, तर हातातली कांकणं वाजायला लागली. घरात सडलेले तांदूळ नाहीत, ही गोष्ट पाहुण्यांच्या कानावर जाईल म्हणून तिनं एकेक कांकण उतरवलं. दोन-दोन उरली, तरी आवाज होईना का बंद! शेवटी हातात एकेकच ठेवलं. या कथेचा मूळ बोध एकांताचा आहे, हे खरं. पण मला त्या लेकीचं कौतुक दुसऱ्याच कारणानं वाटतं. एवढ्या घाईत तिचं कांकणाच्या आवाजाकडं लक्ष होतं, कारण त्या आवाजात तिच्या बापाची अब्रू होती.

आता याच अकराव्या स्कंधावर ज्यांनी मराठीत टीका लिहिली, त्या नाथ महाराजांकडं येऊ. एकनाथ महाराज लहान वयात देवगिरीला जनार्दनस्वामींकडं गेले. जनार्दनस्वामी दत्तभक्त, आणि किल्ल्याचा कारभार त्यांच्याकडं. परंपरेनं सांगतात ती कथा तुम्हाला ठाऊकच आहे. स्वामींनी हिशोबाचं काम शिष्याकडं दिलं. एके दिवशी जमाखर्चात एका पैचा फरक येऊ लागला. रात्र झाली, दिव्यात तेल घातलं, पुन्हा पहिल्यापासून वह्या काढल्या. पहाटेच्या सुमाराला ती पै सापडली आणि नाथांनी आनंदानं टाळी वाजवली. स्वामी जागे झाले. एका पैची चूक सापडली म्हणून एवढा आनंद, मग हेच चित्त देवाकडं लावलंस तर केवढा होईल, असा त्यांचा उपदेश.

आपण ही कथा ऐकतो अन् उपदेशावर मान डोलावतो. पण जरा थांबून पाहा. ती पै कोणाची होती? नाथांची नव्हती. ती सापडली नसती तर त्यांच्या पदरचं काही जाणार नव्हतं. खिशातली एक पै टाकून वही मिटवता आली असती. तरी ते रात्रभर बसले. स्वामींना शिष्य कळला तो त्या रात्री.

हा स्वभाव पुढंही राहिला. ज्ञानेश्वरीच्या नकला करता करता तीनशे वर्षांत पाठ बिघडले होते. नाथांनी ते तपासून शुद्ध प्रत सिद्ध केली, ती शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ मध्ये. स्वतः एवढे मोठे कवी. पण दुसऱ्याच्या ग्रंथातलं एकेक अक्षर जागेवर बसवत बसले. पै शोधणारा मुलगा अन् पाठ शुद्ध करणारा संत, माणूस एकच.

आणि आपल्या जिल्ह्यातलं उदाहरण कशाला सोडायचं? आंबेजोगाईचे दासोपंत हे मोठे दत्तभक्त. कागद पुरेना म्हणून की काय, त्यांनी जाड कापडाच्या पासोडीवर पंचीकरण लिहिलं. ही पासोडी सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद. पंचीकरण म्हणजे काय, तर पाच महाभूतांच्या वाटणीचा हिशोब. प्रत्येक भूताचा अर्धा भाग त्याचा स्वतःचा, आणि उरलेल्या अर्ध्यात बाकी चौघांचा एकेक आठवा भाग. अर्धे आणि आठवे मिळून हे शरीर, हे जग. एक आठवा चुकला की सगळी मांडणी ढासळते. कागद असता तर पान फाडून दुसरं घेता आलं असतं. चाळीस फुटी कापडाचं पान कसं फाडणार? प्रत्येक अक्षराआधी हात थांबलाच असेल.

आता मायबाप हो, दुसऱ्या आवाजाकडं येतो. हे सांगायला मला जड जातं, पण सप्ताहात बसून लपवणंही बरं नाही.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मी गुरुचरित्राच्या सप्ताहाला बसलो होतो. पहिल्या दिवशी नऊ अध्याय, दुसऱ्या दिवशी एकविसाव्यापर्यंत, असं नेमानं चाललेलं. परान्न नाही, रात्री चटईवर झोपायचं, तेही डाव्या कुशीवर. एक नियम म्हणून चुकू दिला नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्या फडातून दोन ट्रॉल्या भरून निघाल्या. ड्रायव्हर माझ्याजवळ आला अन् म्हणाला, "मालक, मागच्या ट्रॉलीचं रेडियम निघालंय. दुकानातून पट्टी आणून लावू का?" आरतीची वेळ झाली होती. मी म्हणालो, "आता कुठं दुकानात जातोस? नंबर लाव आधी. पट्टीचं उद्या बघू."

रात्री तेलगावच्या अलीकडं मागची ट्रॉली पंक्चर झाली. ड्रायव्हरनं चाकाला दगड लावले अन् माणूस आणायला गेला. चंद्र मावळला होता, धुई पडलेली. पहाटे कामावरून घरी निघालेला एक पोरगा मोटारसायकलवर आला. अंधारात त्याला ट्रॉली दिसलीच नाही. मागं बाहेर आलेल्या उसात तो तोंडानं शिरला. जीव वाचला. एक डोळा गेला.

मी दवाखान्यात गेलो. सोवळं सुटलं, पारायण मोडलं. पोराची आई बाकड्यावर बसली होती. ती ओरडेल, शिव्या देईल, असं धरूनच गेलो होतो. तिनं फक्त विचारलं, "दादा, केवढ्याला येती हो ती पट्टी?"

मायबाप हो, मी त्या बाईला किंमत सांगू शकलो नाही. पैसा देता आला, तो दिला. उत्तर देता आलं नाही. नाथांनी रात्रभर शोधलेली पै माझ्या दारात आली होती. ड्रायव्हरनं ती हातात आणून दिली होती, आणि मी "उद्या बघू" म्हणालो होतो.

तेव्हापासून एक गोष्ट कळली. आपल्याला बारकाई येत नाही असं नाही. वजनकाट्याची पावती आपण किलोपर्यंत तपासतो. तोडणीवाल्यानं बुडखा वर ठेवला तर लगेच हटकतो, कारण बुडाकडं साखर जास्त असते. आपल्या फायद्याच्या ठिकाणी आपली नजर बाण करणाऱ्या कारागिरासारखीच असते. ती चुकते दुसऱ्याच्या वाट्याच्या गोष्टीत. आपल्या ट्रॉलीची मागची बाजू आपल्याला कधी दिसत नाही. ती मागून येणाऱ्यालाच दिसते. विहिरीचा उघडा कठडा रात्री येणाऱ्या पाहुण्यासाठी असतो, अन् फवाऱ्याच्या औषधाची रिकामी बाटली दुसऱ्याच्या लेकरासाठी.

मग पारायणाचे नियम सोडायचे का? मुळीच नाही. डाव्या कुशीवर झोपायचं लक्षात ठेवता ठेवताच मनाला लक्ष ठेवायची सवय लागते. सात दिवस आपण ती सवय लावून घेतो. पण आठव्या दिवशी ती पोथीबरोबर कापडात बांधून ठेवली, तर महाराज काय म्हणतील? गुरुचरित्र वाचून दत्त महाराज कोणत्या रूपात दारी येतात हे आपल्याला पाठ झालंय. माझ्या दारी ते ड्रायव्हर होऊन आले, असं मी आता मानतो. तुमच्याकडं कोणत्या रूपात येतील ते सांगता येत नाही. पण कोणी येऊन एवढीशी गोष्ट सांगितली, तर "उद्या बघू" म्हणू नका.

यंदा सप्ताहात मी एक नेम धरला आहे. संध्याकाळची आरती दहा मिनिटं उशिरा झाली तरी चालेल. आधी दारातल्या ट्रॉलीच्या मागं जाऊन उभं राहायचं, बॅटरी मारायची, लाल उजेड परत येतो का ते बघायचं. पट्टी फाटली असेल तर तिथंच नवी लावायची. मग पाय धुऊन देवापुढं यायचं. ज्यांच्या घरी ट्रॅक्टर, टायरगाडी आहे, त्यांनी जन्माच्या पाळण्याला येण्याआधी एवढं करून यावं, ही हात जोडून विनंती. पट्ट्या मंडपात ठेवलेल्या आहेत. त्यांचे पैसे देऊ नका. ते माझ्याकडं लागलेले आहेत.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥