आपणच आपणांस बांधून घ्यावें काय?

उन्माद आणि विषाद आळीपाळीनें घेऊन येणाऱ्या ज्या विकारास हल्लीं सर्वत्र 'बायपोलर' म्हणतात, त्याच्या वैद्यकीय बाजूविषयीं पुष्कळ लिहिलें जातें. त्यांतील नीतीचा प्रश्न मात्र आमच्या घरांतून क्वचितच उघडपणें बोलला जातो. तो असा: मन स्थिर असतांना एखाद्या गृहस्थानें आपल्या माणसांस सांगून ठेवलें, कीं 'मी पुनः बेफाम झालों, तर माझें कांहींएक ऐकूं नका', आणि तशी वेळ आल्यावर तोच गृहस्थ 'मला अडविणारे तुम्ही कोण?' म्हणून गर्जूं लागला. तर घरच्यांनीं कोणाची आज्ञा पाळावी? आज्ञा देणारा दोन्ही वेळां तोच. कालच्या मनुष्यास आजच्यावर सत्ता कोणीं दिली?

प्रश्न केवळ तर्काचा नाहीं. उन्मादाच्या भरांत मनुष्य दोन तास झोंपतो आणि तरीही ताजातवाना असतो; शेत विकण्याचे सौदे करतो, घरांतलें सोनें गहाण टाकतो. पुढें विषादाचा काळ येतो, आणि त्या कर्जाचें ओझें उरावर घेऊन तोच मनुष्य अंथरुणावर पडून राहतो. या विकारांत आत्महत्येचें भय किती मोठें असतें, हें ज्या घरानें अनुभविलें त्यास सांगावयास नको.

नृसिंहवाडीसारख्या दत्तस्थानीं मनाच्या व्याधीनें पीडलेल्यांस आणण्याची चाल जुनी आहे, आणि त्या पीडेस 'बाधा' हा शब्द अजून सहज लावला जातो. चरकसंहितेंत उन्मादावर स्वतंत्र अध्याय आहेत. म्हणजे या पीडेस रोग मानून औषध देण्याची परंपरा कांहीं विलायतेहून आलेली नाहीं. बाकी श्रद्धेची टवाळी मला मान्य नाहीं. ठरल्या वेळीं स्नान, ठरल्या वेळीं प्रदक्षिणा, ठरल्या वेळीं प्रसाद, ही दिनचर्या या विकारांत खरोखरच पथ्यकर असते. अडचण अन्यत्र आहे. पहाटेच्या काकड आरतीसाठीं रोजची झोंप मोडली, तर तो तुटवडाच उन्मादाला वाट करून देऊं शकतो. आणि लिथियम घेणाऱ्यानें निर्जळी उपास करणें तर सरळसरळ धोक्याचें. जॉन केड या ऑस्ट्रेलियन डॉक्टरानें 1949 सालीं या विकारावर उपयोगी म्हणून पुढें आणलेलें हें औषध एक क्षार आहे. शरीरांतलें पाणी व मीठ घटलें, कीं तें रक्तांत सांचूं लागतें आणि औषधाचेंच विष होतें. म्हणूनच वेळोवेळीं रक्त तपासावें लागतें. ही गोष्ट जितकी डॉक्टरानें सांगावी, तितकीच ती संकल्प सांगणाऱ्या उपाध्यायांसही ठाऊक असावी.

पण वाडीचाच एक प्रघात मला या प्रश्नांत अधिक मोलाचा वाटतो. पावसाळ्यांत कृष्णा-पंचगंगेचें पाणी घाट चढूं लागलें, कीं उत्सवमूर्ति वर हलवितात. कोठें हलवावयाची, हा वाद पाणी दारांत आल्यावर कोणी घालीत नाहीं. तें आधींच ठरलेलें असतें. नदीस कोणी 'जरा मनावर ताबा ठेव' असेंही सांगत नाहीं. तो उपदेश आम्ही फक्त रोग्यांसाठीं राखून ठेवला आहे. उत्तरेकडून शिरलेलें पाणी पादुकांवरून वाहून दक्षिणद्वारानें बाहेर पडतें, तेव्हां तो सोहळा मानून लोक स्नानास लोटतात. 2005, 2019 आणि 2021 सालीं हेंच पाणी चढत गेलें, आणि माणसांना घरेंदारें सोडून जावें लागलें. उन्मादाचें आरंभींचें रूप असेंच असतें. महिनोन्‌महिने अंथरुणास खिळलेला मनुष्य उठतो, गातो, हंसतो. घरच्यांना वाटतें, महाराज पावले. सोहळा कोठें संपला आणि पूर कोठें सुरू झाला, हें पाण्यांत उभ्या असलेल्यास कळत नाहीं. पायऱ्या मोजणाऱ्यास कळतें, आणि पायऱ्या कोरड्या असतांनाच मोजून ठेवाव्या लागतात.

के रेडफील्ड जेमिसन ही अमेरिकन विदुषी या विकाराची अधिकारी अभ्यासक, आणि स्वतः त्याची रुग्णही. 1995 सालीं प्रसिद्ध केलेल्या आत्मकथनांत तिनें सांगितलें आहे, कीं आपण पुनः गंभीर विषादांत गेलों, तर आपल्या इच्छेविरुद्धही उपचार करविण्याचा अधिकार तिनें आपल्या माणसांस देऊन ठेवला होता. आमच्याकडे 2017 सालचा मानसिक आरोग्यसेवा कायदा 2018 पासून अमलांत आहे. त्याअन्वयें कोणाही सज्ञान व्यक्तीस आपल्यावर कसे उपचार व्हावेत व कसे होऊं नयेत हें आगाऊ लिहून ठेवतां येतें, आणि आपल्या वतीनें बोलणारा प्रतिनिधि नेमतां येतो. निर्णयशक्ति गेली कीं तो लेख लागू होतो; परत आली कीं थांबतो. परंतु लिहिणाऱ्यास तो केव्हांही रद्द करतां येतो! उन्मादाच्या पहिल्या आठवड्यांत एखाद्या निष्णात वकिलासारखा बोलणारा मनुष्य प्रथम तेंच करील.

ही फट निष्कारण ठेवलेली नसावी. 2001 सालीं तामिळनाडूंतील एरवाडी येथें मनोरुग्णांच्या एका निवाऱ्यास आग लागली, तेव्हां सांखळ्यांनीं बांधलेल्यांस पळतां आलें नाहीं. 28 माणसें गेलीं. अशा ठिकाणीं रोग्यांस आणून सोडतात ते बहुधा आप्तच. प्रेमानें घेतलेली सत्ता सोयीची होण्यास वेळ लागत नाहीं. आणि एकदां 'वेडा' म्हटलेल्या मनुष्याचा साधा रागसुद्धां घरांत रोगाच्या खातीं मांडला जातो.

तरीही मी कालच्या मनुष्याच्या बाजूचा आहें. आजचा मनुष्य खोटा आहे म्हणून नव्हे. त्याचें गाणें आणि त्याचें औदार्य हीं त्याचींच असतात. पण स्थिर मनुष्यास दोन्ही ऋतु आठवतात. उन्मादास फक्त आजचा दिवस दिसतो, विषादास तोही दिसत नाहीं. ज्यानें तिघांचाही विचार केला आहे, त्याचा शब्द अधिक वजनाचा मानणें अन्यायाचें नाहीं. अट एवढीच, कीं तो शब्द त्याचा स्वतःचा हवा, घरच्यांनीं त्याच्या तोंडीं घातलेला नको. आणि मोघमही नको. किती रात्री झोंप तुटली म्हणजे डॉक्टरांकडे न्यावयाचें, बँकेचें पासबुक व कार्ड कोणाच्या हवालीं करावयाचें, कोणत्या औषधास आपली हरकत आहे, हें त्यानें नांवानिशीं लिहावें. आणि दिलेले अधिकार कोणत्या खुणेवर परत घ्यावयाचे, हेंही त्याच कागदांत, त्याच हातानें. पाणी उतरल्यावर वाडीला उत्सवमूर्ति पुनः खालीं आणतात. पुष्कळ घरांतून मात्र पासबुक मागावयाचें कसें, याच संकोचांत बरा झालेला मनुष्य वर्षें काढतो, आणि देणाऱ्यासही तें आठवत नाहीं.