धुतलेला धूर

पिलाताने लोकसमुदायादेखत हात धुतले. त्या पाण्याचे पुढे काय झाले, हे शुभवर्तमानात नोंदविलेले नाही. आम्ही मात्र अलीकडे त्या पाण्याचाच विचार करीत असतो. त्याला निमित्त घडले ते धूर धुणाऱ्या, स्क्रबर नावाच्या यंत्राचे.

यंत्राचे काम समजण्यास अवघड नाही. दगडी कोळशात गंधक असते. तो जळला की सल्फर डायऑक्साइड वायू निर्माण होतो. दमेकऱ्याची धाप आणि पावसातील आम्ल ही त्याचीच देणगी. म्हणून धूर आकाशात सोडण्यापूर्वी एका मनोऱ्यातून नेतात. तो खालून वर चढतो आणि वरून चुनखडीची भुकटी कालवलेल्या पाण्याचा फवारा त्यावर पडतो. वायू पाण्यात विरघळतो, चुनखडीशी संयोग पावतो आणि हवा खेळविली की त्याचे जिप्सम होते. ते सिमेंटच्या कामी येते. समुद्रकाठी चुनखडीही लागत नाही. खाऱ्या पाण्याच्या अंगचा क्षारच आम्लाला पुरतो आणि गंधकाचे सल्फेट होते, जे सागरात मूळचेच विपुल आहे. डहाणूच्या औष्णिक वीजकेंद्रात अशी व्यवस्था २००७ साली सुरू झाली. तीही सहजासहजी नव्हे! सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९६ साली नेमलेल्या आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालील प्राधिकरणाने तगादा लावला, तेव्हा कुठे.

येथे विषाचे रूपच पालटते. परंतु प्रत्येक धुण्यात असे घडते का? लंडनच्या बॅटरसी वीजकेंद्रात १९३० च्या दशकात थेम्सच्या पाण्याने धूर धुतला जाई आणि ते पाणी पुन्हा थेम्समध्येच सोडले जाई. आजची जहाजेही तेच करतात. १ जानेवारी २०२० पासून जहाजांच्या इंधनातील गंधकाची मर्यादा साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आली. मात्र स्क्रबर बसविणाऱ्यास जुनेच स्वस्त तेल जाळण्याची मुभा राहिली. यांतील अनेक स्क्रबर समुद्राचे पाणी घेतात, धूर धुतात आणि ते आम्लयुक्त पाणी, काजळीतील जड धातूंसह, समुद्रातच ओततात. सिंगापूरने त्याच दिवसापासून आपल्या बंदरात यास मनाई केली.

कोणी म्हणेल, समुद्र अफाट आहे, तेवढे विरून जाईल. हवाही अफाटच होती; धुराडी उंच करताना हाच युक्तिवाद केला गेला होता.

प्रायश्चित्त संस्कारात पापाची क्षमा मिळते, पण चोरलेली वस्तू परत करण्याचे बंधन सुटत नाही, हे आपण बालपणीच धर्मशिक्षणात शिकलो. जक्कयने पश्चात्ताप केला तो हिशेब मांडून: ज्याचे लुबाडले त्याला चौपट. त्याच्यासमोर माणसे होती, त्यांची तोंडे त्याला ठाऊक होती. धूर धुणाऱ्या जहाजाला कोणाची तोंडे दिसतात? बंदरातील वस्तीचा श्वास मोकळा झाला, हे खरेच चांगले झाले. त्याला आम्ही नावे ठेवीत नाही. पण त्याची किंमत मासळीवर पोट असणाऱ्याने का द्यावी, आणि त्याला विचारले कोणी?

वसईच्या किनाऱ्यावर संध्याकाळी उभे राहिले की दूरवर जहाजे दिसतात. धुराड्यातला धूर दिसतो. पाणी कोठून पडते, ते येथून दिसत नाही.