बुडालेल्या चांदीचा मालक

बुडालेल्या गलबतांतील माल कोणाचा, हा वाद कोंकणकिनाऱ्यास नवा नाहीं. इ. स. १६७४ मध्यें इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन तहाचीं कलमें घेऊन रायगडावर गेला, तेव्हां वादळानें किनाऱ्यास लागलेलीं गलबतें मालासह परत मिळावींत, या कलमास शिवाजीमहाराजांनीं प्रथम हरकत घेतली. असा माल राजाचा, ही कोंकणची वहिवाट होती. रोमन कायदा याच्या उलट. जहाज हलकें करण्यासाठीं वादळांत फेंकून दिलेला माल देखील मूळ मालकाचाच. मनांतून न सोडलेली वस्तु हातांतून सुटली म्हणून परकी होत नाहीं. मनुस्मृतीनें मधली वाट काढली आहे. बेवारशी धन राजानें तीन वर्षें राखावें, खूण पटवील त्यास द्यावें, व राखणावळ म्हणून कांहीं वांटा घ्यावा. त्यानंतर तें राजाचें.

या तिन्ही मतांची आठवण आम्हांस मुंबईहून सुटलेल्या एका आगबोटीच्या खटल्यानें झाली. 'तिलावा' ही बोट नोव्हेंबर १९४२ मध्यें उतारू घेऊन आफ्रिकेकडे निघाली, आणि २३ तारखेस जपानी पाणबुडीनें तिला बुडविलें. २८० माणसें गेलीं. बोटीच्या पोटांत दक्षिण आफ्रिकेच्या सरकारनें मुख्यतः नाणीं पाडण्यासाठीं विकत घेतलेल्या चांदीच्या २,३६४ लगडी होत्या. २०१७ सालीं आर्जेंटम एक्स्प्लोरेशन या ब्रिटिश कंपनीनें त्या सुमारें अडीच हजार मीटर खोलींतून काढून साउदॅम्प्टनला नेल्या, व सोडवणुकीचा मोबदला मागितला. दक्षिण आफ्रिकेनें उत्तर दिलें कीं, स्वतंत्र राज्यावर परक्या न्यायालयांत असा दावा चालतच नाहीं. याला अपवाद होता, पण त्यासाठीं बोट व माल दोन्ही व्यापारी उपयोगांत असावयास हवींत. खालच्या दोन न्यायालयांनीं कंपनीच्या बाजूनें कौल दिला. मे २०२४ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें तो फिरविला. बोटीच्या पोटांत नुसती पडून असलेली चांदी कसल्याही 'उपयोगांत' नव्हती, असें त्याचें म्हणणें.

निकाल कायद्यास धरून असेल. त्यानें प्रश्न सुटला असें आम्हांस वाटत नाहीं. चांदी दक्षिण आफ्रिकेची, हें आम्हांस मान्य आहे. पंचाहत्तर वर्षें शोध केला नाहीं म्हणून हक्क गेला असें ठरविलें, तर ज्याच्याजवळ शोधाचें साधन नाहीं त्या प्रत्येकाची मालमत्ता साधनवंताच्या घशांत जाईल. पण हक्क कायम असणें निराळें आणि दुसऱ्याचे श्रम फुकट घेणें निराळें. विहिरींत पडलेली आपली घागर शेजाऱ्यानें गळ टाकून काढून दिली, तर घागर आपली म्हणून त्याचे श्रम बुडवावे काय? यावर कोणी विचारील कीं, शेजाऱ्यास गळ टाकावयास सांगितलें कोणीं? हा आक्षेप पोकळ नाहीं. सोडवणुकीचा मोबदला मूळचा संकटांतील मालासाठीं आहे. जळत्या जहाजाजवळ जो स्वतःची नौका नेतो, त्यास करार करीत बसावयास वेळ नसतो. समुद्राच्या तळाशीं स्वस्थ पडलेल्या चांदीवर कोणतें संकट कोसळणार होतें? मालकास पत्र लिहावयास भरपूर अवकाश होता. म्हणून कंपनीस खर्च व माफक नफा मिळावा, शौर्याचें बक्षीस मिळूं नये, असें आमचें मत आहे. हा हिशेब न्यायासनापुढें व्हावयास हवा होता. राज्याच्या विशेष सवलतीमुळें तो करण्याचें कारणच उरलें नाहीं.

या कायद्यांत आणखी एक गोष्ट आहे. प्राण वांचविणाऱ्यास वांचलेल्यांकडून मोबदला मागतां येत नाहीं. १९८९ च्या आंतरराष्ट्रीय करारानेंही हा दंडक राखला आहे. त्याच प्रसंगीं माल सोडविणाऱ्यास जें मिळेल त्यांत मात्र प्राणरक्षकास वांटा दिला आहे. चांदीला दर आणि माणसाला नाहीं, हें प्रथम आम्हांस विपरीत वाटलें. पण बुडत्यानें नावेंत चढतांना दर विचारावा, त्यापेक्षां हें पुष्कळ बरें! 'तिलावा'वरील ६७८ जण 'बर्मिंगहॅम' ही युद्धनौका व 'कार्थेज' यांनीं वांचविले, ते असे फुकटच.

जे वांचले नाहींत, त्यांच्या आप्तांस या खटल्यांत जागा नव्हती; त्यांचें तेथें जें राहिलें आहे, त्यास कायदा माल म्हणत नाहीं. तरी २८० माणसांच्या मृत्युस्थळीं यंत्रें उतरविण्यापूर्वीं त्यांच्या वारसांस निदान कळविण्याचें बंधन कंपनीवर असावयास पाहिजे होतें, आणि मालक सरकार स्वतः उतरलें असतें तर तें त्याच्यावरही असावयास पाहिजे होतें.