वाघाची वागणूक

मराठी भाषेनं शिक्षणाबद्दलचं आपलं मत फार पूर्वीच एका शब्दात नोंदवून ठेवलं आहे. हिंदीत 'शिक्षा' म्हणजे शिक्षण. तोच शब्द सातपुडा उतरून आपल्याकडे आला की त्याच्या हातात छडी येते. एखादे उत्तरेकडचे गृहस्थ कौतुकानं सांगू लागले, की 'हमारे बेटे की सारी शिक्षा बनारस में हुई', तर ऐकणाऱ्या मराठी माणसाच्या मनात प्रथम येतं, 'पोरानं असं केलं तरी काय होतं?'

आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त हेडमास्तर राहतात. त्यांना हा मराठी अर्थच पसंत आहे. 'धाक हवा' हे त्यांच्या चाळीस वर्षांच्या नोकरीचं सार. पोरांना धाक हवा, सुनांना धाक हवा, सोसायटीच्या पंपाला धाक हवा. मी हल्ली प्राणिसंग्रहालयातल्या रखवालदारांच्या कामाविषयी मिळेल ते वाचतो आहे हे कळल्यावर ते आनंदले. "वा! खरी शिकवणी ती. तिथे पालक भेटायला येत नाहीत," म्हणाले.

पण मी जे वाचत होतो, ते मास्तरांना आवडण्यासारखं नव्हतं.

वाघाचं रक्त तपासायचं तर काय करतात, याचा आपण कधी विचार केलेला नसतो. आपलं रक्त काढताना आपण बाही वर करतो आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहतो. वाघाला बाही नसते, आणि कॅलेंडरमध्ये त्याला रस नसतो. पूर्वी मार्ग दोनच. एक म्हणजे भिंत सरकवता येईल असा पिंजरा घेऊन वाघाला उसासारखं दाबायचं. दुसरा म्हणजे लांबून भुलीची सुई मारायची. दाबला गेलेला वाघ ते विसरत नाही, आणि भूल दिलेलं जनावर उठेलच याची हमी कुठलाही डॉक्टर देत नाही.

आता जगात कित्येक ठिकाणी वाघ आपणहून जाळीपाशी येऊन आडवा होतो. खालच्या फटीतून त्याची शेपटी बाहेर घेतात, डॉक्टर शेपटीतल्या शिरेतून रक्त काढतो, आणि तेवढा वेळ तोंडाच्या बाजूला बसलेला रखवालदार चिमट्यानं मांसाचे तुकडे देत राहतो. हत्ती गजांमधल्या खिडकीत पाय ठेवून नखं कापून घेतो. पाणघोडा 'आ' म्हटल्यावर 'आ' करतो आणि दात दाखवतो. आमच्या घरात रोज सकाळी नातवाच्या दात घासण्यावरून जे रामायण होतं ते पाहता, पाणघोड्याबद्दल मला आदर वाटू लागला आहे.

ही विद्या एका दिवसात येत नाही. काठीच्या टोकाला एक चेंडू बसवलेला असतो. वाघानं त्याला नाक लावलं की शिट्टी, आणि शिट्टीमागोमाग मांसाचा तुकडा. मग काठी हळूहळू जिथे हवी तिथे न्यायची, नाक मागोमाग येतं आणि नाकामागून सगळा वाघ येतो. या चेंडूला 'टार्गेट' म्हणतात. हा शब्द वाचून मी चष्मा पुसला. माझी तीस वर्षं टार्गेटच्या मागे गेली. फरक एवढाच, की आम्ही टार्गेटला नाक लावलं की साहेब काठी दोन हात पुढे सरकवायचे, आणि तुकड्याचं मार्चनंतर बघू म्हणायचे.

ही पद्धत पसरली त्याला डॉल्फिनांचा मोठा हातभार आहे. कॅरेन प्रायर नावाच्या बाई १९६३ पासून हवाईमधल्या सी लाइफ पार्कमध्ये डॉल्फिन शिकवू लागल्या. घोड्याला लगाम असतो, कुत्र्याला साखळी असते, पण डॉल्फिनला धाक कसा घालणार? रागावलात तर तो पलीकडच्या टोकाला निघून जातो आणि तुम्ही काठावर छडी हातात घेऊन उभे. तेव्हा त्याला आवडेल असं करूनच शिकवायचं, दुसरा इलाज नाही. ज्याला मारता येत नाही त्याला शिकवायला बसल्यावर शिकवण्याचं शास्त्र सुधारलं, हा मुद्दा मी मास्तरांना मुद्दाम दोनदा सांगितला. ते म्हणाले, "आमच्या वर्गाला दारं होती."

या कामातले नियम मोठे मजेशीर आहेत. जनावर बोलावल्यावर आलं तर बक्षीस. नाही आलं तर काही नाही. ओरडायचं नाही आणि रोजचं जेवणही तोडायचं नाही. उपाशी ठेवून शिकवणं हे चांगल्या रखवालदाराचं लक्षण मानत नाहीत. आणि वाघ सारखाच येईनासा झाला, तर चूक वाघाची धरत नाहीत. शिकवणाऱ्यानं घाई केली का? शिट्टी उशिरा वाजली का? सकाळपाळीच्या माणसाची खूण वेगळी आणि दुपारपाळीच्या माणसाची वेगळी, असं झालं का? की त्याची दाढच दुखते आहे?

"म्हणजे विद्यार्थी नापास झाला की चौकशी मास्तरची?" मास्तरांनी विचारलं.

"तसंच काहीसं."

"बरं झालं, वेळेवर रिटायर झालो!"

शिकवणं आपण शिकवू तेव्हाच चालतं, हाही आपला एक गोड गैरसमज. प्राणिसंग्रहालयात ते चोवीस तास चालू असतं. एखादं माकड दार बडवतं, गोंगाट थांबावा म्हणून रखवालदार घाईघाईनं केळी टाकतो. त्याला वाटतं आपण माकडाला गप्प केलं. माकड शिकतं, की दार बडवल्यावर केळी येतात. किराण्याच्या दुकानात फतकल मारून रडणारं आणि शेवटी चॉकलेट घेऊन उठणारं पोर हे याच विद्यापीठाचं पदवीधर. म्हणून जनावराच्या वागणुकीची जबाबदारी म्हणजे आधी स्वतःच्या वागणुकीवर लक्ष. हातून नकळत काय शिकवलं जातंय, ते रोज बघायचं.

तरी जनावर म्हणजे शिट्टीवर चालणारं यंत्र नव्हे. अमेरिकेत केलर आणि मेरियन ब्रेलंड या दांपत्यानं कोंबड्यांपासून डुकरांपर्यंत अनेक जातींना जाहिरातींसाठी आणि खेळांसाठी शिकवलं. बक्षिसाच्या शास्त्राचे महर्षी स्किनर यांचे हे शिष्य. १९६१ मध्ये त्यांनी प्रामाणिकपणे आपल्या फजितीचा निबंध लिहिला. एका रॅकूनला त्यांनी नाणी उचलून डब्यात टाकायला शिकवलं. एक नाणं होतं तोवर जेमतेम जमलं. दोन दिल्यावर त्यानं ती डब्यात टाकायची सोडून एकमेकांवर घासायला सुरुवात केली, डब्यात बुडवायची, बाहेर काढायची, पुन्हा घासायची. नाणं टाकलं की खाऊ मिळतो हे ठाऊक असूनही हात सुटेना. मला तो रॅकून आमच्या जातकुळीतला वाटला. देणगीच्या पेटीपुढे उभे असताना मध्यमवर्गीय माणसाच्या बोटांचं नेमकं हेच होतं. डुक्कर तर लाकडी नाणं वाटेतच टाकून नाकानं उकरत बसायचं. शिकवलेलं वरवर राहतं, जात आतून उसळी घेते. म्हणजे शिकवणाऱ्यानं आधी विद्यार्थ्याची जात ओळखायला हवी.

ती ओळखली नाही तर काय होतं, याचं मोठं प्रसिद्ध उदाहरण न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधलं. तिथल्या प्राणिसंग्रहालयात गस नावाचं एक ध्रुवीय अस्वल होतं. १९९४ च्या सुमारास ते आपल्या टाक्यात तासन्‌तास त्याच त्या फेऱ्या मारत पोहू लागलं. इकडून तिकडे, तिकडून इकडे, तेच वळण, तोच झपाटा. सगळ्या शहराला काळजी लागली, वर्तमानपत्रांनी अस्वलाच्या मनःस्थितीवर मजकूर छापला, आणि शेवटी प्राण्यांच्या वागणुकीचा एक तज्ज्ञ नेमला. न्यूयॉर्कमध्ये मानसतज्ज्ञाकडे जाण्याची रीतच आहे, अस्वल तेवढं उशिरा गेलं. तज्ज्ञानं गसला काम दिलं. मासे बर्फात गोठवून द्यायचे, खाणं खेळण्यात दडवायचं, शोधा आणि खा. गसची येरझार बरीच कमी झाली, पूर्ण थांबली नाही. २०१३ मध्ये, सत्तावीस वर्षांचं होऊन, ते गेलं.

निवृत्त माणसाला गसचं दुखणं समजावून सांगावं लागत नाही. बँकेपर्यंत जाऊन पासबुक भरून आणण्याचं काम मोबाईलनं काढून घेतलं, तेव्हापासून आमच्या कट्ट्यावरचे चौघेजण बागेला एकाच दिशेनं फेऱ्या मारतात. आयतं ताट पुढे येणं हे सुख आहे असं ताट वाढणाऱ्यालाच वाटतं.

आता आपल्याकडे बघू. १९९८ मध्ये सरकारनं वाघ, सिंह, बिबळ्या, अस्वल आणि माकड यांचे खेळ करायला बंदी घातली. मास्तरांना त्याचं वाईट वाटतं. पुण्यात जन्मलेले दामू धोत्रे १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या रिंगलिंग सर्कशीत वाघसिंहांच्या पिंजऱ्यात उभे राहायचे, याचा त्यांना अभिमान आहे आणि मलाही आहे. धोत्र्यांनी आपल्या पुस्तकाच्या नावातच वाघसिंहांना सखेसोबती म्हटलं. पण सर्कशीतल्या शिकवणीचा फायदा तिकीट काढणाऱ्याला, आणि शेपटी फटीतून देण्याच्या शिकवणीचा फायदा शेपटीच्या मालकाला. शिकवणी कुणाच्या सोयीची, हा प्रश्न विचारला की पुष्कळ गोष्टी स्वच्छ दिसतात. हा प्रश्न शाळांनाही विचारता येतो, पण मास्तर समोर होते म्हणून मी विचारला नाही.

आणि आपण प्रेक्षक? आपणही बिनपगारी शिक्षकच की. सिंह झोपलेला दिसला की आपल्याला फसवल्यासारखं वाटतं. मग शुक् शुक्, टाळ्या, शिट्ट्या. शेंगदाणे फेकून फेकून हात पसरणारं अस्वल तयार केलं ते रखवालदारांनी नव्हे, आपण. वन्यजीव कायद्यात प्राणिसंग्रहालयातल्या जनावरांना छेडायला, खायला घालायला आणि गोंगाट करायला मनाई करणारं कलम आहे. हे कलम वाघाला वाचून दाखवायची गरज नाही, त्याला ते पाठ आहे. मुंबईची राणीची बाग बुधवारी बंद असते. त्या दिवशी जनावरांना सुट्टी असते ती कुणापासून, हे लक्षात घ्यावं.

हे सगळं ऐकून मास्तर थोडा वेळ गप्प बसले. मग त्यांनी असा प्रश्न विचारला, की मला तो त्यांच्याकडून अपेक्षित नव्हता.

"ते सगळं ठीक आहे हो. पण पिंजऱ्याला कुलूप आहे ना? मग वाघानं 'येत नाही' म्हटलं काय आणि 'येतो' म्हटलं काय! ज्याला निघूनच जाता येत नाही, त्याच्या नकाराला किंमत ती काय? माझी छडी निदान उघड होती. हे तर गोड बोलून कैद आहे."

हा प्रश्न मी चहाबरोबर गिळू शकलो नाही. मास्तरांचं म्हणणं खोटं नाही. कुलूप आहेच. आणि वाघ खरोखर आजारी पडला, आणि येतच नाही म्हणाला, तर शेवटी भुलीची सुई मारावीच लागते. म्हणजे त्याच्या 'नाही'ला मर्यादा आहे, आणि ती आपण ठरवलेली आहे.

पण मला वाटतं, म्हणूनच त्या 'नाही'ची किंमत वाढते. कुलूप त्या रखवालदारानं लावलेलं नाही, ते त्याच्या आजोबांच्या काळातलं आहे. पिंजऱ्यात जन्मलेला वाघ उद्या जंगलात सोडला तर तो जगेलच असं नाही, तेव्हा किल्ली असून उपयोग थोडा. मोठा अन्याय दुरुस्त करणं त्याच्या हातात नाही. हातात आहे ती रोजची दहा मिनिटं. त्या दहा मिनिटांत समोरच्याला पाठ फिरवून निघून जाता येईल एवढी जागा ठेवायची की नाही, हे मात्र तो ठरवू शकतो. अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांच्या संघटनेनं २०११ मध्ये ठरवलं, की एरवी हत्तीशी काम करताना माणसानं गजांच्या अलीकडे राहायचं. मधे गज आले, तसा अंकुशाचा उपयोग संपला. नको वाटलं तर हत्ती चालू लागतो. एवढा मोठा प्राणी मग येतो तो खरोखर यावंसं वाटलं म्हणून, आणि ते वाटायला लावणं हे रखवालदाराचं काम होऊन बसतं. ज्याच्यापाशी किल्ली आहे त्यानं अधिक सभ्यपणे वागायचं असतं. घरात, कचेरीत, शाळेत सगळीकडे कुणापाशी ना कुणापाशी किल्ली असतेच.

मास्तरांना हे पटलं की नाही, कळलं नाही. "लिहून ठेवा," एवढंच म्हणाले.

तेच करतो आहे. लिहिता लिहिता नातवाच्या शाळेच्या कॅलेंडरकडे लक्ष गेलं. बाईंनी लाल शाईत शेरा मारला आहे, 'ऐकत नाही. पालकांची सही हवी.' चांगल्या रखवालदाराच्या वहीत हा शेरा बसत नाही. त्याला लिहावं लागतं, 'आज आला नाही', आणि पुढची ओळ त्याची स्वतःची असते. का आला नाही, ते त्यानं शोधायचं असतं.

सही करायच्या आधी नातवाला विचारतो, दाढ दुखतेय का.